दिन्याचा फोटो आणि मी निवडलेलं कार्ड

दिन्या,

तू गेलास त्याला आज अकरा दिवस झाले, आणि त्यातले सहा दिवस मी तुझ्यासाठी रडलो नाही. वेळच मिळाला नाही. मी एका कार्डाला शिव्या देत होतो. कोणत्या कार्डाला, ते तुला सांगायला नको.

माणसं येत होती, ओट्यावर बसून "पोरगं लई गुणाचं होतं" म्हणत होती, आणि मी आत तुझ्या स्टुडिओत टेबलाखाली पोटावर पडून, दातात टॉर्च धरून कॉम्प्युटरचे स्क्रू काढत होतो. मावशीने, म्हणजे तुझ्या आईने, दारातून माझे नुसते पाय पाहिले आणि बाहेरच्या बायांना सांगितलं, "माह्या बहिणीच्या पोराले लई लागलं वं. तोंड लपवून पडून राह्यला कोपऱ्यात." मी तसाच पडून राहिलो. बावन्न वर्षांच्या माणसाची इज्जत अशी आयती वाढत असेल तर आपण होऊन कमी कशाला करा?

झालं असं की चौथ्या दिवशी तुझी सुनंदा माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. म्हणाली, "दादा, तेरवीले फोटो लागन. यांचा एखादा चांगला पाहून देता का?"

मी म्हणालो, "पाच मिनिटांत देतो."

माझी पाच मिनिटं तुझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या दुःखातसुद्धा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

तुझ्याच दुकानात तुझ्याच फोटोसाठी कोणी यावं, हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं. कारण साखरखेर्ड्यात कोणी गेलं की घरची माणसं स्मशानातून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुझ्याकडेच यायची. "दिनेशभाऊ, बाबाचा फोटोच नाही जी एक. तुमच्यापाशी असन तं पाहा." आणि तुझ्यापाशी असायचाच. तू लग्नाची शूटिंग करायचास, पण पंगत बसली की नवरा-नवरीला सोडून म्हाताऱ्यांकडे वळायचास. एकेकाचा जवळून एक फोटो, त्यांना कळू न देता. नवरीच्या बापाने एकदा तुला झापलं होतं, "ओ फोटोवाले, तिकडं वरमाईचा फोटो घ्या, या बुढ्याचा काय घेता?" तू म्हणालास, "घेतो नं, घेतो," आणि बुढ्याचाच घेतलास. दोन वर्षांनी तोच माणूस तुझ्या दारात उभा होता. बुढा त्याचा काका होता. फोटोत काकाच्या हातात जिलबी होती. तो म्हणाला, जिलबी काढून टाकता येते का. तू म्हणालास, "येते. पण राहू द्या, खुश दिसून राह्यले ते." जिलबीसकट फ्रेम झाली.

म्हणून तू काहीच पुसायचा नाहीस. एकही लग्न, एकही फोटो नाही. आणि मग तुझ्या कॉम्प्युटरची जुनी डिस्क बंद पडली. तीन वर्षांचं सगळं गेलं. त्यानंतर महिनाभरात एकजण आईच्या फोटोसाठी आला आणि तुला जन्मात पहिल्यांदा "नाही" म्हणावं लागलं. तो चप्पल घालून गेला. तू दोन दिवस स्टुडिओ उघडला नाहीस. तिसऱ्या दिवशी मला बुलढाण्याला फोन केलास. "दादा, असं काहीतरी कर, का हे पुन्हा होऊ नये."

इथे माझा प्रवेश. मी कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट, पण आपल्या खानदानात मला सगळे प्रोफेसर समजतात, आणि मीही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मी तुला कॉम्प्युटर चालवायला लिनक्स दिलं. ते तुला आवडलं, हे मान्य कर. कोणाच्या बापाचं नाही, कोणी बंद करू शकत नाही, आत काय आहे ते कोणीही उघडून पाहू शकतं. तू म्हणालास, "हे बरं हाये दादा, गावच्या विहिरीसारखं." इथपर्यंत माझं बरोबर होतं. आपण चार डिस्क लावायचं ठरवलं, म्हणजे एखादी मेली तरी फोटो मरणार नाहीत. आता त्या डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्या मधात एक कार्ड लागतं. तिथे मी घसरलो.

खामगावला रऊफभाईंच्या दुकानात आपण दोघं गेलो होतो. जुन्या सर्व्हरचं सामान, वायरींची भेंडोळी, आणि मधात एका पाटावर बसलेले रऊफभाई. त्यांनी दोन कार्डं पुढे ठेवली. एक छोटं, उघडंवाघडं, गरीब दिसणारं. दुसरं भारी, स्वतःची मेमरी असलेलं, वीज गेली तर कामी येणारी स्वतःची बॅटरी असलेलं. खोक्यावर ठळक लिहिलेलं, लिनक्सवर चालतं. मी ते खोकं हातातून खाली ठेवलंच नाही.

रऊफभाई म्हणाले, "सर, छोटा वाला लो. ये सीधा है. डाकिये का काम क्या, चिठ्ठी पहुँचाना. ये पहुँचाता. बड़ा वाला चिठ्ठी खोलता, अपनी जुबान में लिख के रखता. कल वो मर गया तो पढ़ेगा कौन?"

तू लगेच म्हणालास, "दादा, मले डाकियावालं पटलं."

"तू फोटो काढ बे," मी म्हणालो. "याच्यातलं मी पाह्यतो."

वर रऊफभाईंना मी अर्धा तास लेक्चर दिलं. चाळीस वर्षं मशीन उघडणाऱ्या माणसाला मी कार्डाची हिरवी पाटी उलटी धरून कुठला भाग काय करतो ते शिकवलं. त्यांनी चहा मागवला आणि ऐकून घेतलं. येताना बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसला होतास. मी विचारलं, काय झालं. म्हणालास, "काही नाही. बॅटरी हाये नं त्याले. चांगलं असन."

पुढची चार वर्षं तुला पाठ आहेत, मला तोंडातून काढायची लाज वाटते. खोक्यावर 'लिनक्सवर चालतं' लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. कोण्या एका जुन्या लिनक्सवर, कंपनीने सीडीत दिलेल्या ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामने, ते चालत होतं. त्या ड्रायव्हरच्या आत काय आहे ते कंपनीशिवाय कोणाला माहीत नाही. म्हणजे गावच्या विहिरीवर मी एकाच माणसाच्या हातातला दोर आणून बांधला. पहिल्याच अपडेटला चारही डिस्क दिसेनाशा झाल्या. तुझा फोन आला, मी बुलढाण्याहून बस बदलत आलो, सगळं मागं नेऊन जुनं लिनक्स पुन्हा टाकलं, आणि तुला बजावलं, याच्यापुढे अपडेट करायचं नाही. तू मॉनिटरच्या वर चिठ्ठीच लावलीस, "दादाने नाही म्हटलं आहे."

उन्हाळ्यात ते तापायचं. मोठ्या सर्व्हरच्या पंख्यांच्या वाऱ्यात जगायची सवय असलेलं कार्ड मी तुझ्या पत्र्याच्या खोलीत आणून बसवलं होतं. मग ते टीं टीं करत ओरडायचं. तू बिचारा गिऱ्हाइकावरचा टेबलफॅन उचलून त्याच्यावर लावायचास. गिऱ्हाईक घामाघूम, कार्ड गार. तूच त्याचं नाव जावई ठेवलंस. "दादा, जावई रुसला. ये." आणि मी यायचो. दर वेळेला तू एकदा म्हणायचास, "साधं घेऊन टाकू का?" आणि दर वेळेला मी चिडायचो. काऊन चिडायचो ते आता कळतं. ते कार्ड बरोबर असण्याशी माझं काही नव्हतं. रऊफभाई चूक असायला पाहिजे होते.

तर चौथ्या दिवशी पाच मिनिटांत फोटो देतो म्हणून मी तुझं मशीन चालू केलं. टीं टीं टीं. काळ्या पडद्यावर दोन ओळी, आणि पुढे काही नाही. टेबलफॅन लावला. बंद करून चालू केलं. कार्ड काढून पुसून पुन्हा बसवलं. डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावल्या, तर लॅपटॉप म्हणतो, डिस्क आहे पण तिच्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. चिठ्ठी पोस्टमनने आपल्या भाषेत लिहून ठेवली होती, आणि पोस्टमन मेला होता.

तसंच दुसरं कार्ड मिळतं का म्हणून मी नागपूरला फोन लावले, पुण्याला लावले. एकजण म्हणाला, सर, ते मॉडेल तर केव्हाच बंद झालं. दुसरा म्हणाला, आहे. मी खुशीत नंबर वाचून दाखवायला सांगितलं, तर नाव तेच पण आतली चिप वेगळी. या सहा दिवसांत मला जेवढं कळलं तेवढं चार वर्षांपूर्वी खामगावात कळलं असतं, तर आज मी ओट्यावर माणसांत बसलो असतो. कार्ड घेताना खोक्यावरचं नाव वाचू नये, आतल्या चिपचं नाव विचारावं. त्या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असला पाहिजे; सीडीवर वेगळा देत असतील तर चहा पिऊन परत यावं. आणि कार्डाने डिस्क जशी आहे तशी पुढे दाखवावी, फोटो कुठे कसे ठेवायचे ते लिनक्सला ठरवू द्यावं, म्हणजे उद्या कार्ड मेलं तर दुसरं कोणतंही बसवता येतं. एवढंच आहे, दिन्या. तुला ते एका वाक्यात पटलं होतं. मला ते पटायला तुला जावं लागलं.

नवव्या दिवशी फ्लेक्सवाल्याचा निरोप आला की उद्यापर्यंत फोटो पाहिजे. सुनंदाने मला काही विचारलं नाही. तिने मोबाइलमधून तुझा एक फोटो शोधला होता, शेजारच्या बारशाचा, तू अर्धा, कानापासून पलीकडचा कापलेला. तो तिने माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "नाही जमलं तं हा देऊ." तुझ्या घरातून आजवर कोणी अर्धा माणूस घेऊन गेलं नव्हतं.

मग दहाव्या दिवशी सकाळी मी खामगावला गेलो. इतके दिवस गेलो नव्हतो. नागपूर-पुण्याला हात जोडले, पण रऊफभाईंना फोन केला नाही. बसमध्ये मी काय बोलायचं त्याची तयारी करत होतो. तीन वाक्यं जुळवली. तिन्हीत चूक कोणा दुसऱ्याची होती.

रऊफभाईंनी मला पाहिलं आणि उठून उभे राहिले. हातात हात घेऊन मला पाटावर बसवलं. मग चहा आला. मी पिशवीतून कार्ड काढलं आणि म्हणालो, "रऊफभाई, याच्यासारखं एक पाहिजे. कुठूनही. दिन्याचा फोटो याच्यात अडकला."

त्यांनी कार्ड घेतलं, चष्म्यावरून पाहिलं, आणि बाजूला ठेवलं.

"सर, इसमें कुछ नहीं है."

"काही नाही म्हणजे?"

"दिनेशभाई दो बरस पहले छोटा वाला ले के गए, साथ में दूसरी मशीन और चार नई डिस्क. सब उसपे उतार लिया. ये तो तब से खाली बैठा है." चहा माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "मेरे को बोले थे, रऊफभाई, दादाले सांगू नका. दादाचा आवाज मोठा हाये, पण मन नाजूक हाये."

दिन्या, मी त्या पाटावर बसून जे रडलो ते सगळ्या खामगावने पाहिलं असेल. पण खरं सांगू? त्यातलं अर्धं रडणं रागाचं होतं. सहा दिवस. सहा दिवस मी तुझ्या टेबलाखाली पडून होतो, माणसं भेटून गेली, त्यांच्याशी तुझ्याबद्दल दोन शब्द बोललो नाही, आणि रऊफभाईंनी पहिल्यांदा सांगितल्याप्रमाणे तू सगळं करून मोकळा झाला होतास. सांगायचं नाही? मी ओरडलो असतो. दोन महिने बोललो नसतो. पण सांगायचं होतंस.

ते दुसरं मशीन कुठे ठेवलंय ते रऊफभाईंना माहीत होतं, कारण बसवायला ते स्वतः आले होते. माझी गाठ पडू नये म्हणून, मी कॉलेजात असतो त्या वारी. परत येऊन पाहिलं, तर तुझ्या स्टुडिओतल्या बगीचा रंगवलेल्या पडद्यामागे, त्यातल्या धबधब्याच्या बरोब्बर पाठीमागे, एका लाकडी खोक्यावर ते शांतपणे चालू होतं. दहा दिवस चालू होतं. मी त्या पडद्याला पाठ टेकून दोनदा चहा प्यालो होतो. आवाज नाही, टीं टीं नाही. मॉनिटर लावला, तर लिनक्स एकदम नवं, सगळी अपडेट केलेली. नव्या चारही डिस्क हजर.

मला तेव्हा गेल्या दिवाळीची आठवण झाली. तुझा फोन आला होता, जावई रुसला, ये. मी आलो, तासभर खटपट केली, ते मुकाट झालं, मी छाती काढून तीन वाट्या चिवडा खाल्ला. त्या वेळी त्या कार्डात एक फोटो नव्हता.

"मग मले बोलावलं काऊन यानं?" मी सुनंदाला विचारलं. जरा मोठ्यानेच विचारलं.

ती पडद्याची घडी करत होती. म्हणाली, "मले या मशीनीचं नाही माहीत. पण तुम्ही तसे कुठं येता, दादा."

मी खाली बसलो आणि फोटो शोधायला लागलो. मला भीती होती की सगळ्या गावाचा फोटो असेल आणि तुझाच नसेल. कॅमेऱ्याच्या मागचा माणूस फोटोत कशाला येईल? पहिलं लग्न उघडलं. पहिलाच फोटो तुझा. रिकाम्या स्टेजवर, नवरदेवाच्या खुर्चीशेजारी तू उभा, हात बाजूला, चेहरा कोरा. मला वाटलं चुकून. दुसरं लग्न उघडलं. पहिला फोटो तू. तिसरं, चौथं, दहावं. उजेड बरोबर आहे का ते पाहायला तू कॅमेरा स्टँडवर लावून स्वतःच जाऊन उभा राहायचास, आणि पुसायचं तर तुला कधी आलंच नाही. शेकडो निघाले. तेवढे फोटो आपल्या खानदानात नवरदेवांचेही नाहीत.

सुनंदा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मी म्हणालो, "हा चांगला आहे. हा पाठवू."

"थांबा नं दादा. याच्यात गुंडी तुटली हाये."

"बरं, हा?"

"याच्यात ताप होता. मी नका जाऊ म्हणलं तरी गेले." पुढचा. "हा शर्ट माह्या भावानं देल्ला होता." पुढचा. "तेव्हा मिशी काढली होती, मी दोन दिवस बोलली नाही." ती माउस माझ्या हातातून घेऊन स्वतःच पुढे गेली. तुझे केस एकेक वर्षाने पांढरे होत गेले. फ्लेक्सवाल्याचे दोन फोन आले, ते मी बाहेर जाऊन घेतले. परत आलो तर ती एका फोटोवर थांबली होती.

"हा."

मी पाहिलं. स्टेजमागे अबोलीचे गजरे बांधायचे अर्धवट राहिलेले. तू मधोमध उभा, मोबाइल कानाला, भुवया एकत्र आलेल्या, नजर मांडवाच्या छताकडे, दुसऱ्या हाताने स्वतःचं कपाळ धरलेलं.

"अगं, हा फोनवर आहे," मी म्हणालो. "तेरवीच्या फोटोत फोन?"

"हे तुमच्याशी बोलून राह्यले."

"कशावरून?"

"असं तोंड दुसऱ्या कोणासाठी नव्हते करत ते."

फ्लेक्सवाला म्हणाला, मोबाइल पुसून हात खाली करून देतो, कोणाला कळणार नाही. सुनंदाने त्याला सांगितलं, काही पुसायचं नाही. परवा तेरवीला तोच फोटो लागेल. साखरखेर्डा सगळा येईल, रऊफभाई येतो म्हणाले आहेत, आणि सगळ्यांच्या समोर तू कपाळ धरून माझं ऐकत उभा असशील.

आज सकाळपासून मी तो फोटो पाहतोय. कोणत्या दिवशीचा ते खाली लिहून आलंय, पण त्या दिवशी मी काय बोलत होतो ते आठवत नाही. कार्डाचंच असणार. तुझे ओठ मिटलेले आहेत, म्हणजे बोलतोय मी. आणि तू बरोबर होतास, हे मी त्या फोनवर बोललेलो नाही एवढं नक्की. बोललो असतो, तर फोटो वेगळा आला असता.